शिकाऱ्याची पडशी

दिवाळी आली की मराठी घरात दोन कामे एकदम निघतात. एक फराळाचे डबे भरण्याचे आणि दुसरे माळ्यावरचे सामान खाली काढण्याचे. पहिल्या कामात माझा उपयोग फक्त चव पाहण्यापुरता असल्यामुळे दुसरे काम बहुधा माझ्या वाट्याला येते. यंदा ते नाशिकला मामींच्या घरी आले. मामा गेल्या हिवाळ्यात गेले. 'पुस्तके पाहून जा, हवी ती ने,' असा मामींचा निरोप होता. मी गेलो तो पुस्तकांसाठी आणि दोन दिवस बसून राहिलो एका पत्र्याच्या ट्रंकेपाशी.

ट्रंकेत मामांचे बदकांच्या शिकारीचे सामान होते. कॅनव्हासची एक पडशी, काडतुसांचा रिकामा पट्टा, गुडघ्याच्या वर येणारे गमबूट, लोकरीची कानटोपी, झाकण नसलेला थर्मास, होल्डॉल आणि लाकडाची सहा बदके. ही बदके त्यांनी ओळखीच्या सुताराकडून करवून घेतली होती. रंगाचे पोपडे गेलेले, एकाची चोच मोडलेली, प्रत्येकाच्या पोटाखाली सुतळी ओवायला लोखंडी कडी. ती पाण्यावर सोडायची आणि आपण लव्हाळ्यात दडायचे. आपली भावंडे निवांत पोहत आहेत असे समजून वरून जाणारा थवा खाली उतरतो. या सगळ्याच्या तळाशी एका वहीच्या पुठ्ठ्यावर मामांच्या अक्षरात यादी होती. काडतुसे पंचवीस. कोरडे मोजे दोन जोड. त्याच्यापुढे निराळ्या शाईत, 'तिसरा जोड वर्तमानपत्रात गुंडाळून.' बॅटरी, सेल नवे. गूळ. मीठ-मिरची. सुतळी, पाहिजे त्याच्या दुप्पट. सुरी. आणि शेवटी, पेन्सिलीने घातलेले, 'होडीवाल्याच्या पोरासाठी चिक्की.'

बंदूक ट्रंकेत नव्हती. ती कधीच सरकारजमा झाली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. मामा त्याच्या पुष्कळ आधी थांबले होते. तरीसुद्धा दर कार्तिकात ते ही ट्रंक खाली काढीत, गमबुटांना पावडर लावीत, लाकडी बदके उन्हात मांडीत आणि यादी हातात घेऊन एकेक जिन्नस तपासून पुन्हा आत ठेवीत. मामी म्हणत, 'झाली का यंदाची शिकार?' आम्ही भाचरे हसत असू.

हे घरगुती पुराण समीक्षेच्या लेखात कशाला, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की काही वर्षांपूर्वी मी एका रशियन नाटकावर लिहिले होते आणि त्याच्या नायकाला, तो शिकारीची तयारी करतो पण निघत नाही म्हणून, पळपुटा ठरवून मोकळा झालो होतो. मामांनी तो लेख वाचला. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हते. एवढेच म्हणाले, 'अरे, त्याच्या सामानात काय होते ते तू कुठे सांगितलेस?' मला तो प्रश्न तेव्हा एका जुन्या शिकाऱ्याचा भाबडेपणा वाटला. आज वाटते की मी ज्याला समीक्षा म्हणत होतो तिच्यापेक्षा त्या प्रश्नात समीक्षा जास्त होती.

शिकारीचे साहित्य वाचताना आपले लक्ष दोनच ठिकाणी असते, बंदुकीवर आणि पाखरावर. वाचक हळवा असेल तर पाखरावर, मर्दानी असेल तर बंदुकीवर. मधली पडशी कोणी उघडून पाहत नाही. पण थोर लेखकांनी माणूस बहुधा त्या पडशीतच ठेवलेला असतो.

तुर्गेनेव्हची 'ल्गोव्ह' ही कथा घ्या. ती त्याच्या 'शिकाऱ्याच्या टिपणां'तली. पुस्तक १८५२ साली निघाले. निवेदक, त्याचा शिकारी सोबती येर्मोलाय आणि व्लादिमिर नावाचा एक सुशिक्षित, मुक्त झालेला घरगडी असे तिघे ल्गोव्हच्या तळ्यावर बदकांना जातात. तळे लव्हाळ्यांनी भरलेले. होडीवाचून बदके हाती लागायची नाहीत. होडी मिळते ती सपाट बुडाची, गळकी. ती चालवायला सुचोक हा साठीचा म्हातारा. तो मालकाचा कोळी आहे, आणि नदीत मासा नाही! त्याआधी मालकांच्या लहरीप्रमाणे तो गाडीवान झाला, आचारी झाला, नाटकात नटही झाला. त्याचे नावसुद्धा एकदा बदलून झाले.

आता या मंडळींजवळ काय आहे ते पाहा. निवेदकाजवळ चांगली बंदूक. व्लादिमिरजवळ एकनळी बंदूक, पुस्तकी बोलणे आणि हनुवटीला बांधलेला रुमाल. एका मित्राने गमतीने त्याच्यावर नेम धरला आणि हनुवटी व उजव्या हाताचे पहिले बोट दोन्ही गेली. सुचोकजवळ वल्ह्याऐवजी एक लांब काठी. आणि येर्मोलायने वाटेत कोणा बाईचे लक्ष नाही असे पाहून एक ओगराळे उचलून आणले आहे, न जाणो लागले तर म्हणून. होडीत पाणी शिरणार हे त्या एकट्याला ठाऊक आहे. सबंध कथेतली ही एकच शहाणपणाची वस्तू आणि तीही चोरीची.

पुढे व्हायचे तेच होते. बदके इतकी मिळतात, बार इतके उडतात की पाणी उपसायचे राहून जाते. ओगराळे ज्याच्या हाती तोच विसरतो. येर्मोलाय एक मेलेले बदक उचलायला वाकतो, होडी कलंडते आणि सगळे गळ्यापर्यंत पाण्यात. शिकारी बंदुका डोक्यावर धरतात. आणि धन्यांची नक्कल करण्याची जन्माची सवय असलेला सुचोक, त्यांनी बंदुका वर धरल्या म्हणून, आपली काठी वर धरतो. काठी भिजली म्हणून काय बिघडणार आहे? पण त्या वर धरलेल्या काठीत तुर्गेनेव्हने रशियातली सगळी भूदासपद्धती उभी केली आहे. ती पद्धती १८६१ मध्ये कायद्याने गेली आणि तिच्या जाण्यात या पुस्तकाचा वाटा मानला जातो. गंमत अशी की भाषण एका शब्दाचे नाही. एक ओगराळे आणि एक काठी, बस्स.

हेमिंग्वेचे तसे नाही. 'नदी ओलांडून झाडीत' अशा अर्थाच्या नावाची त्याची कादंबरी १९५० साली आली आणि टीकाकारांनी तिची बरीच टर उडवली. मलाही ती सबंध आवडत नाही. प्रेमिकांचे संवाद तर सोसवत नाहीत. पण सुरुवातीची बदकांची शिकार कोणी विसरणार नाही. व्हेनिसच्या खाजणात बर्फ फोडीत जाणारी होडी, पाण्यात रोवलेल्या लाकडी पिंपात पहाटेच्या अंधारात बसलेला अमेरिकन कर्नल, भोवती भुलवणीची बदके, खिशात हृदयविकाराच्या गोळ्या. सामान अचूक आहे. तरी होडीवाला पहिल्यापासून घुश्शात. का, ते आपल्याला शेवटी शेवटी कळते. कर्नलच्या अंगात लढाईतला जुना कोट आहे, आणि त्या पक्षाच्या फौजेतल्या शिपायांनी या माणसाच्या बायकोवर व मुलीवर अत्याचार केलेले आहेत. कर्नलने तो कोट थंडीसाठी घातला होता. कोणत्या यादीत असे लिहिलेले असते की कोट उबदार असावा आणि त्याला कोणाच्या दुःखाचा वास नसावा?

इब्सेनच्या 'रानबदक' (१८८४) या नाटकातला म्हातारा एकदाल तर शिकारीला माळ्यावरच जातो. एके काळी अस्वले मारणारा हा लष्करी अधिकारी आता फोटोग्राफीच्या दुकानामागच्या माळ्यावर वाळक्या ख्रिसमसच्या झाडांमध्ये सशांवर बार काढतो आणि आनंदाच्या दिवशी जुनी टोपी डोक्यावर चढवतो. ती टोपी जपली म्हणजे बाकी अरण्य माळ्यावरही मिळते! एवढेच सांगून पुढे जातो, कारण एकदालवर लिहू लागलो तर हेडविगवर लिहावे लागेल, आणि सणाच्या अंकात तो विषय मला नको.

सामानाबद्दल उघड उघड भांडलेला लेखक एकच, अमेरिकेचा अल्डो लिओपोल्ड. तो स्वतः शिकारी. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची तक्रार अशी की दुकानदारांनी शिकाऱ्याला साधनांनी इतके लादून टाकले आहे की जी कला अंगात असायची ती आता पाठीवर असते. हलके जावे, मोजकी काडतुसे न्यावीत, नेम वाया घालवू नये, हा जुना बाणा गेला. हे मला पटते. पण लिओपोल्डला एक उत्तर त्याच्याच देशात मिळाले आहे. तिथे १९३४ पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला सरकारी 'बदक-तिकीट' विकत घेऊन जवळ ठेवावे लागते आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखल्या जातात. १९९१ पासून शिशाचे छरेही बंद झाले, कारण चिखलात पडलेले छरे खाऊन बदके विषाने मरत. तेव्हा पडशीतली सगळ्यात हलकी चीज, म्हणजे ते तिकीट, बदकांना सगळ्यात उपयोगी पडली. सामान वाढले म्हणून माणूस नेहमी बिघडतोच असे नाही. कोणी काय घातले आणि कशासाठी, ते पाहावे लागते.

आता त्या नाटकाकडे वळतो, ज्याच्यापायी मामांनी माझा कान धरला.

अलेक्सांद्र वाम्पिलोव्ह हा सैबेरियातल्या इर्कुत्स्क भागातला नाटककार. जन्म १९३७. वडील बुर्यात जमातीचे शिक्षक. मुलगा तान्हा असतानाच, १९३८ च्या धरपकडीत त्यांना गोळी घातली गेली. 'बदकांची शिकार' हे त्याचे नाटक १९७० मध्ये छापले गेले. १७ ऑगस्ट १९७२ रोजी बैकल सरोवरात होडी उलटून तो गेला. आणखी दोन दिवसांनी तो पस्तीस वर्षांचा झाला असता. या नाटकावरून पुढे निघालेला चित्रपट १९७९ मध्ये तयार झाला आणि लोकांसमोर यायला १९८७ उजाडले. मी नाटक इंग्रजी भाषांतरातून वाचले आहे. मला रशियन येत नाही हे आधीच सांगितलेले बरे.

नायक झिलोव्ह हा तिशीतला एक कारकुनी नोकरदार. ऑफिसात खोटे अहवाल देतो, बायकोशी खोटे बोलतो, मैत्रिणींशीही खोटे बोलतो आणि हे सगळे इतक्या सहज की आपल्याला तो प्रथम आवडूही लागतो. त्याची एकच गोष्ट खरी: सप्टेंबरात सुटी घेऊन बदकांच्या शिकारीला जायचे. नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा बाहेर पाऊस आहे, शिकार लांबली आहे आणि दारात मित्रांनी थट्टेने पाठवलेला पुष्पचक्राचा हार, त्यावर झिलोव्हच्याच नावाची शोकफीत. तो हार पाहत तो मागचे सगळे आठवतो.

माझे पहिले मत असे होते की शिकार म्हणजे या माणसाची पळवाट. तो जाणार नाहीच, आणि गेला तरी बदक मारणार नाही. बायको सांगतेच की त्याने कधी एक पाखरूही आणलेले नाही. मी याच पुराव्यावर निकाल दिला. पण सामान पाहिले नव्हते.

सामान त्याला मिळते नव्या घराच्या पार्टीत. मित्र आणतात शिकारीची सुरी, काडतुसांचा पट्टा आणि भुलवणीची लाकडी बदके. घरात अजून धड बसायला काही नाही आणि भिंतीपाशी ही बदके! सगळे खूष. बारकाईने पाहिले तर या वस्तूंपैकी एकही त्याने स्वतः निवडलेली नाही. ज्यांना तळ्याचा काठ ठाऊक नाही, पहाट ठाऊक नाही, अशांनी दुकानातून आणलेला हा शिकारी आहे. तेच मित्र पुढे त्याला थट्टेचा हार पाठवतात. दोन्ही भेटी एकाच मापाच्या, एकाच प्रेमाच्या. पहिली घेताना झिलोव्ह हसला म्हणून दुसरी आली, असे म्हटले तर फार अन्याय होणार नाही.

मामांच्या यादीशेजारी हे ठेवून पाहिले तेव्हा फरक डोळ्यांत भरला. 'तिसरा जोड वर्तमानपत्रात गुंडाळून' हे वाक्य लिहायला माणूस एकदा ओल्या पायांनी घरी यावा लागतो. 'सुतळी दुप्पट' लिहायला एखादे बदक वाहून जावे लागते. चिक्कीबद्दल मी काय बोलू? तिथे कोणी पोरगे पहाटे कुडकुडत वाट पाहत बसलेले मामांनी पाहिले असले पाहिजे. यादी वाढते ती झालेल्या गोष्टींनी.

पण म्हणून झिलोव्ह कधी गेलाच नव्हता का? इथे माझा जुना निकाल कोसळतो. नाटकात बायको गालिना त्याला सोडून निघते. तो तिला आत अडवू पाहतो, ती बाहेरून दार लावून जाते आणि तो बंद दाराशी बोलत राहतो. मी तुला शिकारीला नेईन म्हणतो. पहाटे धुक्यातून होडीने पलीकडच्या काठाला जायचे; तिथली शांतता देवळातल्यासारखी, किंबहुना त्याहून मोठी; तिथे आपण नसतोच, अजून जन्मलेलेच नसतो. हे वर्णन घरात बसून करता येत नाही. हा माणूस त्या काठावर उभा राहिलेला आहे. वाम्पिलोव्हची क्रूरता अशी की दारापलीकडे गालिना तोवर उरलेलीच नाही. तिच्या जागी इरीना, त्याची तरुण मैत्रीण, येऊन उभी आहे आणि सगळे तिच्या कानांवर पडते. आयुष्यातले एकमेव खरे बोलणे चुकीच्या पत्त्यावर गेले.

आणि एक पडशी, खरोखरच भरलेली, या नाटकात आहे. ती शिकारीची नाही. झिलोव्हचे वडील वारल्याची तार येते. ते आजारी असल्याची पत्रे तो कितीदा हसण्यावारी नेत आलेला. आता जायलाच हवे. तो उपाहारगृहात बसतो आणि गालिना घरी धावत जाऊन त्याचा रेनकोट व बॅग घेऊन येते. येते तो इरीना त्याच्याजवळ. गालिना सामान खुर्चीवर ठेवते आणि निघून जाते. मूकपणे ठेवलेली ती बॅग मला साऱ्या नाटकातली सर्वांत जड वस्तू वाटते. तिच्यात काय होते ते नाटककार सांगत नाही. बायकांनी घाईने भरलेल्या बॅगेत काय असते ते आपल्या घरोघरी माहीत आहे.

आता राहिला तो वेटर. दीमा त्याचे नाव. झिलोव्हचा शिकारीतला गुरू. नेम अचूक. झिलोव्हचा नेम का चुकतो हे तो समजावून सांगतो: तुला बदक जिवंत दिसते म्हणून हात कापतो, ज्याचा नेम लागतो त्याच्या लेखी ते आधीच मेलेले असते. म्हणजे पट्टा आहे, सुरी आहे, लाकडी बदके आहेत, होडीची सोय आहे. कमी एकच, तो थंडपणा. तो कुठल्या दुकानात मिळत नाही.

शेवटच्या अंकात झिलोव्ह बंदूक स्वतःवर रोखतो, फोन वाजतो, मित्र धावत येतात, भांडण होते, सगळे जातात. तो पलंगावर पालथा पडून अंग हलवत राहतो. हसतो आहे की रडतो आहे ते कळू नये अशी नाटककाराची स्पष्ट सूचना आहे. मग उठतो. पाऊस थांबला आहे, खिडकीत निळ्या आभाळाची पट्टी. तो दीमाला फोन करतो: शिकारीला येतो, आत्ताच निघतो. आणि सांगतो की आता तो अगदी शांत आहे.

पहिल्या वाचनात मला हा शेवट सुखाचा वाटला होता, नंतर पोकळ. आता तो भयंकर वाटतो. यादीतली शेवटची वस्तू मिळाली. ज्या हातांना बदक जिवंत दिसत होते ते हात आता कापणार नाहीत. झिलोव्ह पळपुटा असता तर बरे झाले असते, असे मला आज म्हणावेसे वाटते. जोवर त्याचा नेम चुकत होता तोवर त्याच्यात वाचवण्यासारखे काही होते. यावर कोणी म्हणेल की निळे आभाळ उगाच नसते, तो बरा होऊन निघाला आहे. असेलही. नाटककाराने दोन्हींना जागा ठेवली आहे. पण मला वाचताना तो फोन सामान आवरून झाल्याचा वाटतो आणि त्या सामानात कोणासाठीही चिक्की नाही.

मामांचे मत काय झाले असते, कोण जाणे. ते ज्या पाण्यावर जात ते निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर. आज ते पक्ष्यांचे अभयारण्य आहे. ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ झाले. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक तिथे थंडीत उतरतात आणि माणसे दुर्बिणी घेऊन पहाटे काठावर जातात. परवा मीही जाऊन आलो. मामांची यादीच बरोबर नेली होती. काडतुसे आणि सुरी सोडली तर एकही जिन्नस निरुपयोगी ठरला नाही, आणि मोज्यांचा तिसरा जोड तर सकाळी आठच्या आतच लागला.

परत आल्यावर मामींना म्हटले, 'मामी, ती लाकडी बदके मी नेऊ का?'

त्या चिवडा डब्यात भरत होत्या. म्हणाल्या, 'ने की. पाच ने. चोच मोडलेले राहू दे इथे.'